सातव्या विटेवर

वस्ताद आमच्यासमोर कधी उभे राहिले नाहीत. व्यायाम शिकवणारा माणूस समोर उभा राहतो, हात वर करून दाखवतो, शिट्टी फुंकतो अशी माझी समजूत होती. वस्ताद पाठीमागे उभे राहत. शाळेमागच्या मैदानात चुना लावलेल्या बारा विटा एका ओळीत, प्रत्येक विटेमागे एक माणूस, आणि सगळ्यांच्या मागे अनवाणी फिरणारा तो वाळका म्हातारा. दोन वर्षं मी त्यांच्याकडे गेलो. व्यायाम चालू असताना त्यांचा चेहरा कसा दिसायचा ते मला माहीत नव्हतं. ते कुठे आहेत हे मात्र पाठीला कळायचं. ते जवळ आले की मानेवरचे केस उभे राहत.

"नजर समोर," ते म्हणायचे. "मले पाह्यून का करसान? मी तुमाले ऐकून राहिलो."

ही गोष्ट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की आता माझं तोंड उघडलं की पोरं दप्तरं शोधायला लागतात. पण त्यातला एक भाग मी दरवेळी गाळत आलो. बायकोला तो अर्धा माहीत आहे. बाकीचा अर्धा मी कागदावरच सांगू शकतो, कागद मधे "मंग तुम्ही काय केलं?" असं विचारत नाही.

मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो, सदरमधल्या एका कचेरीत कारकून. कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. पहिल्या मजल्यावर पोचलो की मी तिथल्या टाइपिस्टाच्या टेबलाला धरून उभा राहायचो आणि त्याला किती वाजले ते विचारायचो. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. त्यालाही ते दिसत होतं. भला माणूस होता, रोज वेळ सांगायचा.

दमा लहानपणापासूनच, त्यात बसून बसून पोट सुटलेलं. एका हिवाळ्यात छातीतली घरघर थांबेना, म्हणून धंतोलीतल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी छाती ऐकली, पाठ ऐकली, आणि माझ्या बायकोला म्हणाले, "तुम्ही जरा बसा." मी आधीपासून बसलेलोच होतो, पण ते वाक्य माझ्यासाठी नव्हतं. औषधं आहेतच, ते म्हणाले, पण हे शरीर असंच ठेवलं तर चाळिशीची खात्री मी देत नाही. घरी मुलगी दोन वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन मला अंगण ओलांडता येत नव्हतं. दारापासून तुळशीपर्यंत माझी मजल.

वस्तादांकडे मला नेलं ते शेजारच्या सेठजींनी. सेठजी मूळचे काटोलचे, संत्र्यांचे व्यापारी. तीन वर्षांपूर्वी त्यांना बैलगाडीतून उतरवायला दोन माणसं लागत. आता ते संत्र्यांच्या पेट्या स्वतः खांद्यावर घेत. "माह्या गुडघ्यात पाणी होतं," ते म्हणाले. "वस्तादानं पाठीले कान लावला अन् म्हणे, गुडघ्यात नाई, तुह्या श्वासात पाणी आहे. चाला तुम्ही. घाबरू नका. जरासा येडा माणूस आहे, पण आपल्याले काय लग्न करायचं आहे त्याच्याशी?"

वस्ताद मूळचे विणकर. घरात पुढच्या खोलीत खड्ड्यातला हातमाग. लुगड्यांची मागणी गेली, मागाचं काम थांबलं, तरी त्यांनी माग उकलून ठेवला नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून ते खड्ड्यात पाय सोडून बसत, पायाखालच्या फळ्या आळीपाळीने दाबत आणि रिकामा धोटा इकडून तिकडे फेकत. सूत नाही, ताणा नाही. नुसतं खट् खट्. सेठजींबरोबर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हेच चाललं होतं. मी आपला शहाणपणा करून विचारलं, "काय विणून राहिले वस्ताद?"

"आजची सकाळ," ते म्हणाले. "बारा दोरे होते. कोणता ढिला पडला, कोणता ताठ, ते पाह्यून राहिलो."

मग त्यांनी मला पाठ करून बसायला सांगितलं आणि कान लावला. कान थंडगार होता.

"खाली कर," ते म्हणाले. म्हणजे श्वास सोड. मी सोडला. "अजून." मी सोडला. "अजून आहे आत. तो जुना आहे. लहानपणचा. तो तू सोडलाच नाई कधी." आणि तेवढ्यात मला विनाकारण आमच्या उमरेडच्या घरातली धान्याची कोठी आठवली, जिच्यात मी सहा वर्षांचा असताना लपून बसलो होतो आणि झाकण बाहेरून बसलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. वस्तादांनीही विचारलं नाही.

बैठका, जोर, नमस्कार हे सगळं त्यांच्याकडे होतंच. तुटलेल्या धोट्याचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून ते ठेका द्यायचे आणि आम्ही उठायचो, बसायचो. पण खरा व्यायाम शेवटी. घामाने निथळत बारा जणांनी आपापल्या विटेमागे ताठ उभं राहायचं आणि एकाच वेळी श्वास घ्यायचा, एकाच वेळी सोडायचा. पन्नास वेळा. एकाचा जरी मागेपुढे झाला की खट् करून सगळं बंद, आणि पुन्हा एकपासून. "एक दोरा ढिला पडला तर नुसता तोच खराब होत नाई," ते म्हणत, "सारं कापड खराब होते." जमलं की मागून आवाज यायचा, "हाव. आज पोत बसला." हे त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक.

मागे उभ्या उभ्या त्यांना काय काय ऐकू यायचं! "चवथ्या, दाढ दुखून राहिली, तेल लाव." "दहाव्या, बायकोची माफी मागून येजो उद्या." दहावा शाळामास्तर होता, तो एवढा गोरामोरा झाला की शेजाऱ्यांना त्याला आणखी काही विचारण्याची गरजच उरली नाही. हसू यायचं, पण ते हसू मैदानाच्या फाटकापर्यंतच टिकायचं. पुढे एकटे चालताना प्रत्येक जण आपला श्वास जपून घ्यायचा, कोणी चोरून ऐकतंय असा.

आणि बायकांची ती हकीकत. माझी बायको भाजीबाजारात शाळामास्तरांच्या बायकोला भेटली. तिथे सेठाणी आल्या. बोलता बोलता एकीने सांगितलं की आमचे हे पहाटे चारच्या ठोक्याला डाव्या कुशीवरून उजव्या कुशीवर होतात आणि लांब सुस्कारा सोडतात. दुसरी म्हणाली, आमचेही. तिसरी, माझी बायको, नुसती भाजीची पिशवी धरून उभी राहिली. बायको घरी आली ती माझ्याकडे पाहीना.

"अवो," शेवटी म्हणाली, "तुम्ही झोपेत एकटेच असता ना?"

"म्हणजे काय?"

"काही नाही," ती म्हणाली. "बरं वाटून राहिलं ना तुम्हाले? मंग जा."

पण मी पुढचं आधी सांगितलं. मला वीट कशी मिळाली ते राहूनच गेलं.

मी गेलो तेव्हा सातवी वीट रिकामी होती. ती जागा छापखान्यातल्या एका खिळे जुळवणाऱ्या माणसाची. चाळिशीचा, ठणठणीत, आणि एका सकाळी मैदानातून घरी जाताना सायकलीवर ट्रकखाली गेला. चार महिने झाले होते. पावसानंतर कोणी पाय न ठेवलेल्या जागी सगळीकडे गवत माजलं होतं. पण सातव्या विटेमागे दोन पावलांएवढी जमीन तशीच तुडवलेली, गुळगुळीत. आठव्या विटेवर सेठजी उभे राहत. त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "पन्नास श्वास होतात ना, तवा मले डावीकडून ऐकू येते. मी काही तिकडं पाहत नाई. आपल्याले काय करायचं आहे?"

वस्तादांनी मला ती वीट दिली. पण तिथे असंच उभं राहायचं नव्हतं.

"दोरा संपणं वेगळं अन् तुटणं वेगळं," ते म्हणाले. "संपला तर नवा भरायचा. पण त्याचा संपला नव्हता गा, तुटला. त्याचा दम उरला आहे. तुह्यात दम नाई. मंग सांधा मारायचा. पण सांधा मारायले जुन्याचं टोक लागते." तो ज्या पंच्याने रोज घाम पुसायचा त्यातला एक धागा त्याच्या बायकोकडून मागून आणायचा. वस्ताद तो मनगटावर बांधणार. "मागून आणजो. तिच्या हातानं घेजो. अन् ध्यानात ठेव, सांधलेला दोरा सोडता येत नाई. कापता येते, पण मंग दोन्ही टोकं जातात."

आता हे सगळं ऐकून पदवीधर माणसाने हसून घरी जायला हवं होतं. मी हसलोसुद्धा. पण मुलीला घेऊन तुळशीच्या पलीकडे जायचं होतं, म्हणून त्या बाईच्या गल्लीत गेलो.

दार उघडं होतं. ती चुलीपुढे पाठमोरी बसली होती. ओसरीत दोरीवर एक पंचा वाळत होता. चार महिन्यांनंतर, धुतलेला, नीट ताणून घातलेला. ती रोज धूत असावी. मी उंबऱ्याशी उभा राहून मनात वाक्य जुळवायला लागलो. "वहिनी, तुमच्या यजमानांचा उरलेला श्वास मला हवा आहे." दुसरं कसं म्हणणार? तिने मान वळवायच्या आत मी मागे फिरलो आणि गल्लीच्या टोकापर्यंत धावलो, म्हणजे माझ्या मानाने धावलो.

दुसऱ्या दिवशी मैदानात सगळ्यांच्या आधी पोचलो. वस्तादांचा पंचा नेहमीप्रमाणे कडुनिंबाच्या फांदीवर होता. ते नळावर पाय धूत होते. मी पंच्याच्या काठातून एक धागा ओढला. घामट पंचा तो घामट पंचा. पांढरं सूत ते पांढरं सूत. मला वाटलं, कोणाला काय कळतं?

वस्तादांनी धागा हातात घेतला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तो बराच वेळ फिरवला.

"तिनं देला?"

"हो."

"काही म्हटलं काय तिनं?"

"पाणी दिलं," मी म्हणालो. "आणि गूळही दिला." खोटं बोलताना मी नेहमी थोडं जास्तच बोलतो.

"गूळ," वस्ताद म्हणाले. एवढंच. आणि त्यांनी माझ्या मनगटावर एका हाताने गाठ मारली, इतकी बारीक की नंतर मला ती शोधूनही सापडली नाही.

त्यानंतर जे झालं ते डॉक्टरांनाही पटवून घ्यायला दोनदा छाती ऐकावी लागली. पहिल्या महिन्यात घरघर उतरली. तिसऱ्या महिन्यात मी दुसऱ्या मजल्यावर न थांबता गेलो. टाइपिस्ट बिचारा वेळ सांगायला तोंड उघडून बसला होता. पोट गेलं. सहाव्या महिन्यात मुलगी खांद्यावर, आणि मी तुळस, अंगण, गल्ली ओलांडून थेट पानठेल्यापर्यंत. ती वरून ओरडत होती, "बाबा, अजून!" तो दिवस मी विसरू शकत नाही. खोटं बोलून मिळालेला होता, तरी नाही.

कचेरीत बसल्या बसल्या माझा पाय टेबलाखाली काही तरी दाबायला लागला. एकदा डावा, एकदा उजवा. जेवताना उजवा हात मधेच डावीकडे झटका द्यायचा, आणि वरण सांडायचं. बायको म्हणाली, "हे कायचं नवीन?" मी म्हणालो, व्यायामाने स्नायू मोकळे झाले. मग एका रविवारी मुलीच्या फ्रॉकची नाडी तुटली आणि मी न पाहता, एका हाताने, ती सांधून दिली. गाठ दिसत नव्हती. मी विणकाम कधी शिकलो नाही. आम्ही शेतकरी. मी ती नाडी हातात धरून बसलो आणि माझ्या कानात खट् खट् वाजत होतं.

छापखान्यातला तो माणूस काही विणकर नव्हता.

त्याच सुमारास ती बाई मला बाजारात भेटली. मी तिला टाळण्यात तरबेज झालो होतो. पण त्या दिवशी ती समोरच आली. डोळ्यांखाली काळं, झोप न झालेल्या माणसासारखी.

"तुम्ही सातव्या विटेवर उभे राहता म्हणे?"

"हो वहिनी."

"बरं," ती म्हणाली. माझ्या मनगटाकडे पाहिलं, बरंच काही विचारावंसं वाटलं असावं तिला, पण "बरं" म्हणून ती निघून गेली.

आणि वस्ताद खोकायला लागले. आधी मागून नुसता घसा साफ केल्याचा आवाज, मग घरघर. ती घरघर मी ओळखली. दुसऱ्या कोणी ओळखली नसेल. मी तिच्याबरोबर तीस वर्षं राहिलो होतो. घेताना छोटी शिट्टी, सोडताना गहू दळल्यासारखी. तीच. सेठजी म्हणाले, म्हातारपण. डॉक्टर म्हणाले, विणकराच्या छातीत आयुष्यभर कापसाची धूळ जाते, असं होतंच. दोघांचंही बरोबर असेल. पण वस्ताद आता फाटकापासून कडुनिंबापर्यंत येताना मधे थांबायचे आणि फाटकावरच्या चपराशाला वेळ विचारायचे.

मी काय करायचं ते उघड होतं. सांगून टाकायचं, नाही तर धागा कापायचा. एका सकाळी दाढी करता करता पातं मनगटाला लावलंसुद्धा. तेवढ्यात मुलगी आली. "बाबा, घोडा." मी घोडा झालो. उद्या कापू, म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातं, पुन्हा घोडा. कापला तर दोन्ही टोकं जातात, हेही मी स्वतःला बजावत होतो. स्वतःच्या भित्रेपणाला असा शास्त्राचा आधार मिळाला की माणूस फार दिवस काढू शकतो. मी दोन महिने काढले.

मग पोळ्यानंतरच्या आठवड्यात, पन्नास श्वासांमधल्या तिसाव्या-बत्तिसाव्या श्वासाला मागे काहीतरी पडलं. आम्हाला शिकवण अशी की नजर समोर. बारा जण तसेच समोर पाहत उभे, आणि लाज वाटते सांगायला, पण आम्ही आणखी एक श्वास घेतला, सगळ्यांनी मिळून. मग सेठजी ओरडले, "अरे, पाहा बाप्पा मागं!"

धंतोलीतल्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट. दुपारचे तीन. आळीपाळीने बसायचं ठरलं होतं, त्या दुपारी माझी पाळी. वस्ताद डोळे मिटून पडले होते. श्वास घेणारा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच समोरून पाहत होतो. छाती वर जात होती, खाली येत होती, आणि काहीतरी चुकतंय असं मला वाटत राहिलं. थोड्या वेळाने कळलं. चुकत काहीच नव्हतं. त्यांची छाती माझ्याबरोबर चालली होती.

असेल सवय, म्हटलं. दोन वर्षं एकत्र श्वास घेतलेली माणसं आम्ही. मी माझा श्वास धरून ठेवला.

त्यांची छाती थांबली.

मी धरून ठेवला. पंखा फिरत होता. त्यांचे ओठ निळसर व्हायला लागले. मी घाईघाईने श्वास घेतला आणि समोर चादर वर आली.

त्यानंतरचे दोन तास मी कसे काढले ते मलाच माहीत. मी श्वास घेत होतो. व्यायामात घेतो तसा, मोजून, पूर्ण, एकही चुकू न देता. खोकला आला तर दाबला. नर्स म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाऊन या. मी मान हलवली. बायको मुलीला घेऊन डबा द्यायला आली.

"अवो, चेहरा काय झाला तुमचा? जेवून घ्या."

मी बोटाने थांब म्हटलं. बोलायचं तर श्वास मोडावा लागतो. तिने माझ्याकडे पाहिलं, खाटेकडे पाहिलं, परत माझ्याकडे. ती हुशार बाई आहे. तिने मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला आणि तिला बाहेर घेऊन गेली.

पाच वाजायच्या सुमाराला वस्तादांनी डोळे उघडले.

"काहून दमवून राहिला गा स्वतःले?"

मग मी सांगितलं. उंबरा, दोरीवरचा पंचा, कडुनिंबाची फांदी, सगळं. श्वास मोडत, रडत. वस्ताद छताकडे पाहत होते.

"गूळसुद्धा देला नाई तिनं?"

"नाही वस्ताद."

"मले माहीत आहे. माह्या मागावरचं सूत आहे ते. मी ओळखणार नाई काय? बोटात धरताच ओळखलं."

"मग बांधलं कशाला?"

"तू खोटं बोलून राहिला होता ना, तवा तुह्या छातीत असा आवाज झाला," ते म्हणाले आणि थांबले, पुरेसा श्वास येईपर्यंत. "म्हटलं, याले परत पाठवलं तर हा टोक आणेपर्यंत टिकत नाई. माह्याजवळ होता दम. वापरू दे थोडे दिवस. हा सांगीन आपल्या तोंडानं. पण तू सांगेनाच गा! मी वाट पाह्यून राहिलो. दोन वर्सं!"

मी हात पुढे केला. "कापा."

"कापून मरायचं आहे काय दोघाले?" त्यांनी माझं मनगट धरलं. दोन बोटं फिरली आणि धागा सुटून चादरीवर पडला.

"तुम्ही तर म्हणाले होते, सोडता येत नाही!"

"तुले येत नाई म्हटलं होतं," वस्ताद म्हणाले. "मी विणकर आहे गा."

त्यांनी मला खाली जायला सांगितलं. मी जिना उतरायला लागलो आणि पहिल्याच वळणावर छाती आवळली. छोटी शिट्टी. मग गहू दळायला लागले. मी पायरीवर बसलो, कठडा धरून, तोंड उघडं टाकून. एक बाई डब्याची पिशवी सांभाळत मला वळसा घालून वर गेली. मुलगी खाली फाटकाशी माझी वाट पाहत असणार, खांद्यावर बसायला. मी तिला आता फाटकातून रस्त्यापर्यंतही नेऊ शकणार नव्हतो. हे सगळं कळत होतं, आणि तरी मी कान वरच्या मजल्याकडे लावून बसलो होतो.

नर्स कठड्यावरून वाकली. "अहो, तुमचे म्हातारे उठून बसले. चहा मागताहेत. कपात नको म्हणतात, बशीत हवाय."

मी वर गेलो. सतरा पायऱ्यांना चार ठिकाणी बसलो. वस्तादांनी बशी खाली ठेवून माझ्या पाठीला कान लावला. कान कोमट होता.

"हाव," ते म्हणाले. "आता हा तुहा आहे. थर्ड क्लास आहे, पण तुहा आहे." आणि मग, "आता जाय. अर्धवट काम आहे तुहं. तिच्याकडं जाय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. रिक्षाने गेलो, गल्लीच्या तोंडापासून चालत. तिच्या दाराशी पोचेपर्यंत माझ्यात वाक्य जुळवायलाही श्वास उरला नव्हता. उंबऱ्यावर बसलो आणि जे होतं ते तसंच सांगितलं: मी आलोच नव्हतो, मी चोरला, मी भ्यालो.

ती ऐकत होती. रागावली नाही. आत गेली, तांब्याभर पाणी आणलं, आणि समोर बसली.

"म्हणूनच," ती म्हणाली.

"म्हणूनच काय, वहिनी?"

"ते रोज उठतात. साडेपाच झाले की खाटेची दोरी करकरते. उठून बसतात. श्वास घेतात, पन्नास. मले मोजता येते आता. मंग दाराकडं पाहत बसतात, कोणी न्यायले येते काय म्हणून. मी म्हणतो, अजून कोणी आलं नाई जी, निजा. पण ते निजत नाईत. मी पंचा ओला करून दोरीवर घालतो, तवा कुठं जातात." तिने खोलीच्या कोपऱ्यातल्या खाटेकडे पाहिलं. मीही पाहिलं. खाट रिकामी होती. मधली सुंभाची वीण खोल गेली होती, वजनाने जाते तशी.

"दोन वर्सं झाले, मी साडेपाचच्या पुढं निजली नाई," ती म्हणाली.

तिने पंचा मांडीवर घेतला आणि काठातून एक धागा हळूहळू, न तुटू देता, पूर्ण लांबीचा ओढून काढला. माझ्या ओंजळीत ठेवला. तो ओला होता.

"उद्या सकाळी जासान ना? नक्की?"

"जाईन," मी म्हणालो. "फार हळू जाईन, पण जाईन."

"हळू जा," ती म्हणाली. "त्यायले काही घाई नाई." तिने रिकाम्या पंच्याची घडी घातली, उशाखाली सरकवली, आणि दोन वर्षांची जांभई दिली. "मंग उद्या मी जराशी उशिरापर्यंत निजीन."